माकडताप आणि जंगलाच्या कडा

क्यासनूर वनज्वर, म्हणजेच आपल्याकडील माकडताप, प्रथम १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. पुढे कित्येक दशके तो कर्नाटकातील मोजक्या जिल्ह्यांचाच रोग मानला जात असे. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात रुग्ण आढळले, तेव्हा चोर्ला घाटाच्या दोन्ही अंगांना व्यवसाय करणाऱ्या वैद्यकबंधूंना जंगलाचा नकाशा पाहणे भाग पडले.

रोगाचा विषाणू प्रामुख्याने गोचिडीमार्फत पसरतो. माकड दगावले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. काजू वेचणारा, पाला गोळा करणारा, गुरे चारणारा मनुष्य तेथेच त्यांच्या तावडीत सापडतो. अरण्याच्या गर्भात ही मंडळी सहसा जात नाहीत. त्यांचा वावर जंगल व बागायत जेथे भिडतात तेथे असतो. म्हणून ‘तालुक्यात वन किती टक्के’ हा आकडा आपल्या फारशा उपयोगाचा नाही. त्या वनाला कड किती, हे विचारावयास हवे.

एक साधे गणित पाहू. एक चौरस किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टरांचा चौरस वनखंड घ्या. बाहेरील १०० मीटरचा पट्टा कड मानल्यास आत ६४ हेक्टर गाभा उरतो. त्याचेच चार सारखे, सुटे तुकडे केल्यास एकूण गाभा ३६ हेक्टर. २०० मीटर बाजूचे पंचवीस तुकडे केल्यास गाभा शून्य! कागदोपत्री वन मात्र १०० हेक्टरच.

ही मोजणी उपग्रहांच्या प्रतिमांवरून करता येते. २००८ पासून विनामूल्य झालेल्या लँडसॅटच्या प्रतिमेतील एक चौकट ३० मीटरची, तर युरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मीटरची असते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते व अवरक्त किरण परावर्तित करते. अशा खुणांवरून प्रत्येक चौकट वन, शेती, पाणी, वस्ती यांपैकी कोणत्या वर्गात मोडते ते ठरते. मग संगणक गाभा, कड, सुटी बेटे आणि दोन खंडांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्या वेगवेगळ्या रंगांत दाखवितो. पावसाळ्यात ढग आड येतात आणि एप्रिलमध्ये पानझडी वन उजाड भासते. यास्तव तुलना एकाच ऋतूतील प्रतिमांची करावी.

खरी मेख काजूत आहे. बारमाही हिरवी काजूची बाग उपग्रहाला वनासारखीच दिसते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येतही एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर १० टक्के वृक्षछत्र असले की मालकी व वापर न पाहता ते वनाच्छादन गणले जाते. पश्चिम घाटातील २०२० च्या एका अभ्यासात आर्द्र सदाहरित वन आणि लागवड यांची सरमिसळ असलेल्या भूभागात माकडतापाचा धोका अधिक दिसला. आणि नेमकी हीच सीमारेषा ढोबळ नकाशात पुसली जाते! जागेवर जाऊन पडताळा घेतल्याविना तो नकाशा आपल्या कामाचा नाही.

त्या पडताळ्याचे अर्धे साहित्य आपल्याच केसपेपरवर असू शकते. आपण रुग्णाचा पत्ता लिहितो तो घराचा. नकाशावर ठिपका पडतो गावठाणात, आणि गोचीड चावलेली असते दूरच्या बागेत. डिसेंबर ते मे या काळात तापाचा असा रुग्ण आला, तर मागील आठवड्यात तो कोणाच्या बागेत, कोणत्या बाजूच्या रानात गेला होता, ही एक ओळ पत्त्याखाली लिहावी.