मुक्काम : पर्वतवाट, हवामान आणि सोबत

पर्वतयात्रेची वर्णने बहुधा चालण्याची असतात, थांबण्याची क्वचितच. वास्तविक उंच डोंगरात यात्रेचे कितीतरी दिवस पाऊस, धुके नाहीतर बर्फ यांच्या स्वाधीन असतात. अशा दिवसांचा अभ्यास विद्यार्थ्यांनी केला पाहिजे असे मला वाटते. एक तर त्यात भूगोल आहे आणि दुसरे म्हणजे त्यात माणसाची पारख आहे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओलीचा रहिवासी. 'ओली' या शब्दात आम्हा मराठी माणसांना आपली 'ओळ' ऐकू येते. 'लष्कर' हे नाव १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ येथे पडला त्यावरून आले. म्हणजे एका मुक्कामाचेच पुढे शहर झाले. मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. ऋतूपुढे थांबणे म्हणजे हार नव्हे, ही समज आपल्या इतिहासात आहेच.

हवामान का अडवते?

उंची दर हजार मीटरने वाढली की तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याशी पाऊस असेल तर माथ्यावर हिमवर्षाव होतो, तो यामुळेच. दुसरे कारण रोजचे. दिवसा उन्हाने डोंगरउतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर सरकते, वर जाता जाता पसरते व थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. म्हणून पहाटे स्वच्छ दिसणारे शिखर दुपारी झाकले जाते. हिमनदीतून निघणारे ओढेही पहाटे ओसरलेले आणि दुपारनंतर फुगलेले असतात, कारण बर्फ उन्हाने वितळते. 'लवकर निघा, लवकर पोहोचा' या वाटाड्यांच्या आग्रहामागे हे शास्त्र आहे.

याशिवाय पश्चिमेकडून येणारे विक्षोभ असतात. ते मोसमी पावसाला मिळाले की अनर्थ होतो. जून २०१३ मध्ये केदारनाथला तेच घडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुमाऊंतील मुक्तेश्वर येथे चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला. १८९७ पासूनच्या तेथील नोंदींत इतका पाऊस नव्हता. त्याच दिवसांत सुंदरढुंगा खोऱ्यात बंगालचे काही गिरिप्रवासी मृत्युमुखी पडले. हवामान खात्याने इशारा आधी दिला होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

द्वालीचे दोन दिवस

सुंदरढुंग्याच्या शेजारचे खोरे पिंडारी हिमनदीचे. लोहारखेत, धाकुरी, खाती, द्वाली, फुर्किया असे त्या वाटेवरील जुने टप्पे. द्वाली हा पिंडर आणि काफनी या नद्यांचा संगम. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दाना ओलीतील सात जण तेथे पावसाने दोन दिवस अडकलो. निवाऱ्यात बंगाली मंडळींचा एक गट आणि धारवाडकडचे तिघे होते. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक गटाची चूल वेगळी होती. दुसऱ्या सकाळी रॉकेल मोजले, तेव्हा ते वेगवेगळ्या चुलींना पुरणार नाही हे उघड झाले आणि भात एकाच पातेल्यात शिजू लागला. आमचे मेतकूट, त्यांची शेंगाचटणी, बंगाली मोहरीचे तेल! भाषेची अडचण जेवणापुरती तरी उरली नाही.

पण खरी कसोटी वेगळ्याच दोन प्रश्नांवर लागली. पहिला प्रश्न आरक्षणाचा. एका तरुणाची काठगोदामहून गाडी होती, तो म्हणाला, "मी एकटा उतरतो." वाटाड्याने त्याला पाणी चढलेला ओढा दाखवला आणि म्हटले, "गाडी उद्याही असते." शेवटी सर्वांनी वर्गणी काढून त्याच्या नव्या तिकिटाची सोय केली, तेव्हा तो थांबला. उपदेशापेक्षा वर्गणीने काम केले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न भारवाहकांचा. बसून काढलेल्या दिवसांची मजुरी द्यायची की नाही? "चाललेच नाहीत, तर पैसे कसले?" असे एकाने विचारले. आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पाऊस तुमच्यासाठी रजा असेल, त्यांच्या घरच्या चुलीला नाही." दोन्ही दिवसांची पूर्ण मजुरी दिली गेली आणि त्या रात्री भारवाहकही आमच्याच पंक्तीला जेवले. सोबत या शब्दाचा अर्थ मला त्या हिशेबात जितका कळला तितका गाण्याच्या मैफलीत कळला नाही.

थांबण्याचा लाभ

मुक्काम वायाच जातो असेही नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टवर पोहोचले. अशा मोहिमांतही मे महिन्यातील शांत वाऱ्याच्या मोजक्या दिवसांची वाट तळावर बसून पाहावीच लागते.

यातून विद्यार्थ्यांसाठी चार साधे नियम निघतात. परतीच्या आरक्षणात दोन दिवस मोकळे ठेवावे. शिधा दोन दिवसांचा जादा न्यावा. मजुरीचा करार करताना अडकलेल्या दिवसांचा उल्लेख आधीच करावा. आणि जाण्याचा निर्णय वाटाड्यावर सोपवून, चालीचा वेग सर्वांत मागे असणाऱ्यावरून ठरवावा. यातील पहिले तीन पैशाने साधतात. चौथ्याला मन मोठे लागते, आणि त्याची सवय घरच्या अंगणात, वर्गात, खेळाच्या मैदानावरही लावून घेता येते.