बाळंतिणीचे ताट

वऱ्हाडात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूर हे जुने गाव वसले आहे. बाळापूर असो वा वऱ्हाडातील दुसरे कोणतेही गाव असो, घरात मूल जन्मले की सर्वांच्या नजरा पाळण्याकडे लागतात. कोणी झबले आणतो, कोणी टोपडे. परंतु ज्या माउलीच्या दुधावर बाळ वाढते, तिच्या ताटाकडेही तितकेच लक्ष असावयास हवे.

बाळंतिणीवर दुहेरी भार असतो. प्रसूतीत झालेली शरीराची झीज तिला भरून काढावयाची असते आणि त्याच वेळी बाळाला दूधही पाजावयाचे असते. पहिले सहा महिने आईचे दूध हेच बाळाचे अन्न व पाणी होय. या काळात आईला रोज नेहमीपेक्षा सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. म्हणजे जवळजवळ एक जेवण जास्त लागते.

हे अन्न महागच असावे, असे मुळीच नाही. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण एकत्र खाल्ले म्हणजे त्यांतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. पालेभाजीवर लिंबू पिळले, तर तिच्यातील लोह अंगी अधिक लागते. आजी-पणजींनी घालून दिलेली अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू हेही पौष्टिकच आहेत. अळिवात लोह असते, तर लाडवांतील खारीक, खोबरे व तूप यांमुळे शक्ती येते.

मात्र जुने ते सारेच सोने नव्हे. बाळंतिणीने पाणी बेताने प्यावे, पालेभाजी खाऊ नये, अशी समजूत काही घरांत आढळते. ती चुकीची आहे. आईच्या दुधाच्या १०० भागांत सुमारे ८७ भाग पाणीच असते. मग तहानलेल्या आईला पाणी नाकारून कसे चालेल?

याहून वाईट रीत म्हणजे सर्वांची जेवणे आटोपल्यावर स्त्रीने उरलेसुरले खाणे. जेथे हातावर पोट असते, तेथे तर उरण्यासारखे काहीच नसते. अशा मातांना समाजानेच हात दिला पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून गावोगावच्या अंगणवाड्या उभ्या राहिल्या. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मेळघाटासारख्या आदिवासी भागांतील गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना दिवसातून एकदा गरम, चौरस आहार देण्यासाठी अमृत आहार योजना सुरू केली.

तरीही घरच्या आस्थेची जागा कोणतीही योजना घेऊ शकत नाही. रात्रीच्या जागरणाने आईप्रमाणे बापही थकतो. त्यालाही वेळेवर अन्न हवे. त्याने स्वतः भाकरी थापली, तर त्यात कमीपणा नाही. मोठ्या भावंडांनी भाजी निवडावी, आईजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवावा आणि ती स्वस्थपणे जेवेपर्यंत बाळाला सांभाळावे. ज्या घरात पहिले ताट बाळंतिणीचे वाढले जाते, त्या घरातील बाळ उपाशी राहत नाही.