पासवर्ड कुणाचा?

चि. बाळ्या,

काकूचा फोन आल्यापासून आत्याचा जीव थाऱ्यावर नाही. काकू कौतुकानंच सांगत होती: बाळ्यानं अंध मित्राला कॉम्प्युटर लावून दिला, पासवर्ड स्वतःकडेच ठेवला, बँकेचा ओटीपीही याच्याच मोबाइलवर येतो; त्या पोराला काही बघावंच लागत नाही! काकूच्या सांगण्यात निम्मं तिखटमीठ असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण उरलेलं निम्मं?

तू त्या कॉम्प्युटरवर बसवलेलं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये लिहायला घेतलं. पडदा वाचून दाखवणारी चांगली सॉफ्टवेअर तेव्हा फार महाग होती. जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याच्या जोडीला आला आणि दोघांनी ते जगाला फुकट दिलं. कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून केलेली ही खटपट. आणि ते वापरणाऱ्यानं ओटीपीसाठी तुला फोन करायचा?

पासवर्ड त्याला बदलू दे. बँकेत त्याचाच नंबर लागू दे.

शिकवताना तुझे हात मागे ठेव. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे त्याची बोटं शोधतील. इन्सर्ट धरून १ दाबलं की कुठलीही कळ दाबावी, तिचं नाव ऐकू येतं, काही बिघडत नाही. तासभर त्याला नुसतं तेच करू दे. एनव्हीडीएत स्क्रीन कर्टनही आहे: पडदा काळा होतो, आवाज चालू राहतो. बँकेचं काम त्यानं तसंच करावं. शेजारी तू असलास तरी.

तुझी मदत खरी लागेल ती त्याच्या नोट्सना. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. आवाज नुसता बरळतो. त्या नोट्स युनिकोडमध्ये करून दे.

कॉलेजात आत्याही एका अंध मैत्रिणीला वाचून दाखवायची. लोक वाखाणायचे, बरं वाटायचं. एकदा मैत्रिणीनं घरून आलेलं पत्र पुढे केलं. आत्यानं ते खणखणीत आवाजात वाचलं; घरातली भांडणं होती त्यात. ऐकून मैत्रीण म्हणाली, “हे मी कुणालाच दाखवलं नसतं.” ती ब्रेल शिकवायला तयार होती. आत्याला मेलीला सवड झाली नाही.

तेव्हा पासवर्डाचं तेवढं बघ. आत्या रागावलेली नाही रे. मराठी आवाज नीट लागेपर्यंत तू रात्री जागलास, हेही काकूनंच सांगितलं, आणि आत्यानं ते शेजारी जाऊन दोन घरी सांगितलं.

थोडे पैसे पाठवलेत. त्याला चांगला हेडफोन घे. निवडू दे त्यालाच. उरतील त्यात दोघं पोटभर जेवा. तुझा खोकला गेला का, ते कळव.

तुझी,
आत्या