औदार्य आणि फसवणूक



रविवारची उपासना संपते आणि मंदिराच्या दाराशी एक अनोळखी गृहस्थ भेटतो. हातात कोणा पाळकाचे पत्र, ओठांवर प्रभूचे नाव आणि घरी मूल आजारी असल्याची हकिकत. आपण पैसे देतो. पुढे कळते की, हीच हकिकत तो गावोगावच्या मंडळ्यांत सांगत फिरतो. गेलेली रक्कम मोठी नसते. परंतु आपला हात आखडतो. मग जो खरोखर गरजू येतो तो रिकाम्या हाताने परत जातो. एकाच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याला मिळते.

२ करिंथ. ८:२ येथे औदार्यासाठी ‘हाप्लोतेस’ हा ग्रीक शब्द आहे. भाषांतर करणारा तेथे क्षणभर थांबतो, कारण इफिस. ६:५ मध्ये हाच शब्द ‘अंतःकरणाचा सरळपणा’ या अर्थाने आला आहे. ज्या मनात दुसरा हेतू दडलेला नाही, त्या मनाचे देणे म्हणजे औदार्य. म्हणूनच मासेदोनियातील दरिद्री मंडळ्या उदार ठरल्या. फसवणारा आपले पैसे नेऊ शकतो. मनाचा सरळपणा त्याला नेता येत नाही. तो आपणच संशयाच्या स्वाधीन करतो.

मग सरळपणा म्हणजे भोळेपणा काय? नव्हे. दुसऱ्या शतकातील उपहासकार लुकियान याने पेरेग्रिनस नावाच्या माणसाची कथा लिहिली आहे. तो बंदिवासात असता ख्रिस्ती लोकांनी त्याची सेवा केली व त्याला पैसा पुरवला. असे साधे लोक कोणाही लबाडाला लवकरच धनवान करतील, असा लुकियानाचा टोमणा होता.

हा धोका मंडळीनेही ओळखला होता. ‘डिडाखे’ या प्राचीन मंडळीच्या ग्रंथाचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले व १८८३ साली प्रसिद्ध झाले. प्रभूच्या नावाने येणाऱ्याचा स्वीकार करावा व मग त्याची पारख करावी, असे त्याचा बारावा अध्याय सांगतो. वाटसरूला दोन, फार तर तीन दिवस ठेवावे. राहू इच्छिणाऱ्याने काम करून खावे. हे ज्याला मान्य नाही, तो ख्रिस्ताच्या नावाचा व्यापारी समजावा. मात्र पहिल्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे: गरज नसता जो घेतो त्याला जाब द्यावा लागेल, देणारा निर्दोष आहे.

येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी स्वीकार, मग पारख. आपण बहुधा उलट करतो.

पौलाचाही क्रम पाहा. ज्याला काम करण्याची इच्छाच नाही त्याने खाऊ नये, असे तो लिहितो (२ थेस्सल. ३:१०). तेथे इच्छेचा प्रश्न आहे, सामर्थ्याचा नव्हे. काम न मिळालेला किंवा आजारी मनुष्य त्या वचनाखाली येत नाही. आणि तीनच वचनांनंतर, चांगले करताना थकू नका, असा बोध तो करतो.

तेव्हा चौकशी अवश्य करा. शक्य तेथे रोख रकमेऐवजी औषध, अन्न किंवा शाळेची फी द्या. एकट्याने निर्णय न घेता मंडळीतील दोघांचा विचार घ्या, दानाची रक्कम पोहोचविताना पौलानेही सोबती घेतले होते (२ करिंथ. ८:१८-२१). इतके करूनही कोणी फसवलेच, तर त्याचा हिशेब प्रभूवर सोपवा.

दाराशी उद्या येणाऱ्याने काल आपल्याला फसवलेले नाही, याचे विस्मरण न व्हावे.