चिंगीला उंदरांच्या मागे लावू नकोस

देवरुख
12 जून

चि. मुग्धास,


तुझं पत्र मिळालं, तुझ्या डॅशहंड कुत्रीचा, चिंगीचा फोटोही पाहिला. कानापर्यंत चिखलाने माखली आहे आणि पुढ्यात मेलेला उंदीर ठेवून ऐटीत बसली आहे. खाली तू लिहिलं आहेस, 'आता मांजर पाळायला नको.' तुझं कौतुक मला कळतं. पण त्याच पत्रात शेजारच्या काकांनी दिलेल्या उंदराच्या औषधाचा उल्लेख आहे, आणि विहिरीपाशी चिंगीने धामण अडवून धरल्याचाही. इतकी वर्षं या भागात जनावरांचा दवाखाना चालवला. पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे येणाऱ्या कुत्र्यांपैकी किती तरी याच वाटेने आलेली असत. म्हणून लांबलचक लिहिते आहे. कंटाळू नकोस.

आधी ते औषध. करडी-काळी भुकटी असेल तर ते झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. रंगीत वड्या असतील तर बहुधा ब्रोमॅडिओलोन. हे जास्त फसवं, कारण खाल्ल्यावर दोन-चार दिवस कुत्रं अगदी ठीक दिसतं. हे विष शरीरातल्या के जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतं, रक्त गोठेनासं होतं आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रं धापा टाकतं. वेळेवर आणलं तर के-1 जीवनसत्त्व देऊन वाचवता येतं, पण ते काही आठवडे द्यावं लागतं. वेळेवर आणणारे थोडे, कारण घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि चिंगीने वडीच खायला हवी असंही नाही. विष खाल्लेला उंदीर सुस्तावतो, भरदिवसा उघड्यावर रेंगाळतो. असा उंदीर चिंगीला सहज सापडेल, घुबडालाही आणि धामणीलाही. ती पुडी काकांना नम्रपणे परत कर. चिकट पुठ्ठेही आणू नकोस. त्यावर उंदराआधी पाली आणि बेडूक अडकतात आणि तडफडत राहतात.

दुसरी गोष्ट लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत जी लेप्टोची साथ आली, ती तू लहान होतीस म्हणून तुला आठवत नसेल. लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतात आणि तिथे कित्येक दिवस तग धरतात. चिंगी उंदीर तोंडात धरते, बिळात नाक खुपसते, पन्हळीखालच्या डबक्यातलं पाणी पिते. ताप, उलट्या, गडद लघवी, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिच्या लघवीतून लेप्टो तुलाही होऊ शकतो, तेव्हा ती आजारी असताना तिची जागा हातमोजे घालूनच धू. पुण्यात तिला जी एकत्रित लस दिली तिच्यात लेप्टोचा घटक होता का, हे कार्डावर बघ. सगळ्या लसींत तो नसतो. पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, नंतर दरवर्षी एक. लेप्टोच्या सगळ्याच जातींना ती अडवत नाही, म्हणून लस झाली तरी डबकं बुजवायचंच.

आता धामण. ती बिनविषारी, सहा-सात फुटांची, उंदरांच्या बिळात शिरून शिकार करणारी. तुझ्या वाडीत उंदरांचा खरा बंदोबस्त करणारं जनावर तेच. कौलांत गव्हाणी घुबड असेल तर तेही; त्या पांढऱ्या तोंडाला अपशकुनी म्हणून कुणी हाकलायला आलं तर तू आडवी उभी राहा. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने घुबडांसाठी उत्सव भरवला, तो याच भीतीवर औषध म्हणून. मला ते काम फार मोलाचं वाटतं.

पण जिथे उंदीर तिथे घोणसही येते, नागही येतो. आणि आपल्या जांभ्याच्या दगडांत फुरसं असतंच. चिंगीच्या दृष्टीने धामण आणि घोणस यांत फरक नाही. हलतं ते धरायचं. डॅशहंड जातच जर्मनीत बिज्जूच्या बिळात घुसवण्यासाठी तयार केलेली. पाय आखूड, छाती जमिनीलगत, नाक सगळ्यांत पुढे. म्हणून दंशही तोंडावर किंवा मानेवर होतो. तोंड एकाएकी सुजलं, रक्त थांबेना किंवा मागचे पाय लटपटायला लागले, तर जखम कापू नकोस, काही बांधू नकोस, हळद लावत बसू नकोस. तिला चालू न देता उचल आणि गाडीत घाल. माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यांनाही चालतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर. ते कोणत्या डॉक्टरांकडे ठेवलेलं असतं हे आजच फोन करून विचारून ठेव. रात्री अकरा वाजता शोधायची ही गोष्ट नव्हे.

मग उंदरांचं करायचं काय? त्यांचं जेवण बंद करायचं. हे काम तुझं आहे, चिंगीचं नाही. सगळ्यांत आधी तिची स्वतःची ताटली. तू लिहितेस की दुपारचं उरलेलं ती रात्री खाते, म्हणून ताटली पडवीतच असते. म्हणजे तू रोज रात्री उंदरांना वाढते आहेस. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचल. तिचं कोरडं खाणं पत्र्याच्या डब्यात ठेव, गोणीत नको. पडलेले आंबे आणि रतांबे संध्याकाळच्या आत गोळा कर. लाकडं जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून दूर रच. अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदीर आत येतो, म्हणून न्हाणीच्या मोरीला बारीक लोखंडी जाळी बसव.

माडाखाली देठाशी भोक पडलेली कोवळी शहाळी सापडत असतील, तर उंदीर जमिनीवर नाहीतच, ते वर शेंड्यात राहतात. तिथे चिंगी काय करणार? खोडाला पुरुषभर उंचीवर हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून घे. त्यावर उंदराची नखं टिकत नाहीत. मात्र शेजारच्या झाडाची फांदी किंवा दुसऱ्या माडाची झावळी टेकत असेल तर पत्रा फुकट. पिंजरा लावायचा तर भिंतीच्या कडेने, भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा घालून. पहिले काही दिवस दार उघडंच बांधून ठेव. नव्या वस्तूजवळ उंदीर लगेच जात नाही, सवय झाली की बेधडक शिरतो.

घुशीपासून मात्र चिंगीला लांबच ठेव. पुरी वाढलेली घूस किलोभर भरते आणि कोंडीत सापडली की नाक फाडते. चिचुंद्रीला उगाच मारू देऊ नकोस. ती उंदीर नव्हेच, झुरळं आणि किडे खाते. अंगावर फोड असलेला तो मोठा बेडूक चिंगीने तोंडात धरला तर तोंडाला फेस येईल. घाबरू नकोस. तिची मान खाली करून बाजूने पाण्याची धार सोड, म्हणजे पाणी बाहेर पडेल, गिळलं जाणार नाही. मुंगूस चावलं तर रेबीजचा विचार करायचा, लस झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवायचं. आणि खालच्या मोकळ्या कातळावर टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल तर तिथे उघड्यावर तिची अंडी आहेत. त्या बाजूला चिंगीचा पट्टा सोडू नकोस.

एवढं सगळं सांगून झाल्यावर चिंगीची बाजूही मांडते. शिकार केली म्हणून तिला मारू नकोस, ओरडूही नकोस. हुंगणं आणि खणणं हे तिचं सुख आहे. ते काढून घेतलंस तर ती गाद्या फाडेल. सोडणाच्या ढिगात उकडलेल्या कलेजीचे तुकडे लपव आणि शोधायला लाव. कोपऱ्यात एक मऊ मातीचा चौकोन तिच्या खणण्यासाठी सोडून दे. 'सोड' हा शब्द रोज घरात शिकव. आधी चेंडूवर, मग हाडावर, आणि दर वेळी सोडल्यावर त्याहून चांगलं काही तरी दे. हिसकावून घेतलंस तर पुढच्या वेळी ती धरलेलं घेऊन माडांत पळेल. रात्री बाहेर नेताना आधी तू बॅटरी मारून अंगण बघ, मग तिला पट्ट्यासकट ने.

लसीच्या कार्डाचा फोटो या आठवड्यात पाठव. लेप्टोची लस राहिली असेल तर पाऊस जोर धरायच्या आत तिला इकडे घेऊन ये. माझ्याकडे मोरीच्या जाळीचा तुकडा उरला आहे, तोही जाताना ने.

तुझी,
आत्या