संयमाने घडलेले रबर

व्यापारी माणसाला रबर माहीत असते ते मालमोटारीच्या टायरमुळे. टायर झिजला की तो वितळवून त्याचा नवा टायर ओतता येत नाही. याचे कारण १८३९ सालच्या एका शोधात आहे. चार्ल्स गुडईअर यांनी रबरात गंधक मिसळून ते तापविले, तेव्हा रबराचे साखळीसारखे लांब रेणू गंधकाने एकमेकांस कायमचे जखडले गेले. रबर बळकट झाले, परंतु ती गाठ पुन्हा सुटेना. तापविल्यावर सुटेल आणि निवताच पुन्हा बसेल, अशी गाठ रबरास घालता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राने कसे दिले, ते येथे थोडक्यात पाहू.

अशा रबराचा प्रत्येक रेणू तीन भागांचा असतो. मधला लांब भाग लवचिक आणि दोन्ही टोकांचे आखूड भाग कठीण. अनेक रेणूंची कठीण टोके एकत्र जमून बारीक गोळे बनतात आणि तेच गाठीचे काम करतात. तापविले की गोळे मऊ होतात व माल साच्यात ओतता येतो. निवल्यावर गाठी आपोआप बसतात. मधला भाग आयसोब्युटिलीन या वायूपासून आणि टोके स्टायरीनपासून केली, तर होणारे रबर फार टिकाऊ ठरते.

अडचण होती ती साखळी वाढविण्याची. आयसोब्युटिलीनची साखळी वाढते तेव्हा तिच्या टोकाशी धन विद्युत्भार असतो. हे टोक अत्यंत उतावीळ. पुढचा कण जोडता जोडताच ते भलत्याशी संयोग पावते आणि साखळी अर्ध्यावर संपते. मग तिच्या टोकास स्टायरीन जोडणार कसे? ऋण भाराच्या साखळ्या न मरता वाढतात, हे मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ मध्ये दाखविले व त्यांना 'जिवंत' हे नाव दिले. धन भाराच्या बाबतीत मात्र १९८४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी जपानमधील क्योटो येथे हिगाशिमुरा, सावामोतो व मियामोतो यांनी व्हिनाइल ईथरवर हे साधले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील अ‍ॅक्रन विद्यापीठात जोसेफ केनेडी व रुडॉल्फ फाउस्ट यांनी आयसोब्युटिलीनवरही ते साधले.

त्यांची युक्ती मनन करण्याजोगी आहे. टोकाचा उतावीळपणा त्यांनी मारून टाकला नाही आणि मोकाटही सोडला नाही. शून्याखाली सुमारे ८० अंशांच्या थंडीत, योग्य द्रव्ये योजून, त्यांनी असा समतोल राखला की कोणत्याही क्षणी बहुतेक टोके सुप्त असावीत व थोडीच जागी. जागे टोक काही कण जोडते व पुन्हा निजते. मग दुसऱ्याची पाळी. एकाच वाफशावर पेरलेल्या ज्वारीची ताटे जशी सारखी वाढतात, तशा सर्व साखळ्या जवळजवळ समान लांबीच्या होतात. आयसोब्युटिलीन संपले तरी टोके जिवंतच असतात. तेव्हा स्टायरीन घालावे, म्हणजे ते दोन्ही टोकांस जोडले जाते. अशा रबराचे पेटंट केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत १९९० मध्ये मिळाले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. स्वामिनाथन शिवराम यांनीही तरुणपणी अ‍ॅक्रन येथे केनेडींबरोबर संशोधन केले होते, हे आपणांस अभिमानास्पद आहे.

या रबराचा मधला भाग हवा, पाणी व शरीरातील रसांनी सहसा झिजत नाही. म्हणून वैद्यकाने ते उचलले. हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत बसविण्याच्या 'टॅक्सस' नावाच्या धातूच्या जाळीवर याच रबराचा पातळ लेप होता. त्या लेपातून औषध हळूहळू झिरपत असे. अमेरिकेत तिला २००४ साली मान्यता मिळाली. पुढे तिच्याहून सरस जाळ्या आल्या व ती मागे पडली. काचबिंदूच्या रोग्यांसाठी याच रबराची केवळ साडेआठ मिलिमीटर लांबीची नळी निघाली आहे. तीतून डोळ्यातील जादा पाणी बाहेर वाहून जाते व आतील दाब उतरतो. वांकिडीसारख्या गावी आपल्या घरोघरी हृदयाचे व डोळ्यांचे दुखणे सोसणारी वडीलधारी माणसे आहेत. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही.

आपल्या धर्मात संयमाला जे स्थान आहे, ते वाचकांस सांगावयास नको. संयम म्हणजे शक्तीचा अभाव नव्हे. शक्ती जिवंत ठेवून तिला वेळेवर जागे करणे व वेळेवर निजविणे, हा त्याचा अर्थ एका सूक्ष्म रेणूनेही आपणांस दाखवावा, ही विशेष आनंदाची गोष्ट होय.