‘आत्ता गं बया’ म्हणणारा माणूस कोण होता?

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या मंडळानं यंदा गणपतीत एक वग बसवला होता. त्यात माझ्या चुलतभावानं नाच्याचं काम केलं. काम इतकं रंगलं की लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. पण तेव्हापासून एसटी स्टँडवर, दूध डेअरीपाशी, जिथं तिथं पोरं त्याला ‘आत्ता गं बया’ म्हणून चिडवतात. आता तो पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही म्हणतो. आजोबा म्हणाले, ‘गणपत पाटलांचं जन्मभर असंच झालं.’ हे गणपत पाटील कोण? ते खरोखरच तसे होते का? त्यांना दुसरी कामं का मिळाली नाहीत?
– एक वाचक, वारणानगर (ता. पन्हाळा)

उत्तर : मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण गणपत पाटलांना तो आयुष्यभर ऐकावा लागला. नाही, ते तसे नव्हते. ते बायकामुलांचे, घरसंसाराचे गृहस्थ होते. कॅमेरा बंद झाला की त्यांचा आवाज, चाल, हातवारे सगळं बदलायचं. पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी घडवलेलं होतं, आणि इतकं पक्कं घडवलेलं होतं की ते घडवलेलं आहे याचाच लोकांना विसर पडला.

ते तुमच्याच जिल्ह्यातले. 1920च्या सुमारास कोल्हापुरात एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आई आणि भावंडांबरोबर मोलमजुरी करायची, फुलं विकायची, खाण्याचे पदार्थ विकायचे, असं बालपण गेलं. त्या काळी कोल्हापुरात मेळे जोरात असत. दिवसभर राबून हा मुलगा रात्री मेळ्यात उभा राही. तिथं त्यानं रामायणातली सीताही केली. पुढं ज्या माणसाला बायकी हावभावांसाठी हसलं गेलं, त्याच्या वाट्याला आलेल्या पहिल्या स्त्रीभूमिकांमध्ये सीता होती आणि तिला लोकांनी हात जोडले असणार, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

विनोदी नट राजा गोसावी हे नाव तुमच्या आजोबांना नक्की ठाऊक असेल. गोसावी साताऱ्याकडचे, खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे. त्यांच्या ओळखीनं पाटलांचा चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांकडे शिरकाव झाला. कोल्हापूर तेव्हा सिनेमाचं गाव होतं. शालिनी सिनेटोनमध्ये पाटलांनी सुतारकाम केलं, रंगभूषाकाराच्या हाताखाली डबे धरले, पडेल ते काम उचललं. 1945 च्या सुमारास विनायकांनी मुंबईला बस्तान हलवलं. कोवळ्या वयातल्या लता मंगेशकर विनायकांच्याच कंपनीत होत्या, त्याही तेव्हाच मुंबईला गेल्या. गोसावी आणि पाटीलही गेले. मुंबईत पाटील विनायकांच्या घरी घरगड्यासारखी कामं करत आणि मधूनमधून ‘एक्स्ट्रा’ किंवा ‘डमी’ म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे राहत. ऑगस्ट 1947 मध्ये विनायक गेले आणि आसरा तुटला. पाटील कोल्हापूरला परत आले.

परतल्यावर त्यांनी मेकअपमनचा धंदा धरला. चेहरा कसा बदलतो हे त्यांनी आधी दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर शिकून घेतलं. भुवई किती ओढली की माणूस खट वाटतो आणि गालाला किती रंग लावला की तो हास्यास्पद होतो, हे रंग लावणाऱ्या हातांना जितकं कळतं तितकं नुसत्या नटाला कळत नाही. पुढच्या नाच्याचं मूळ मला या रंगाच्या पेटीत दिसतं.

याच काळात राजा परांजपे यांच्या ‘बलिदान’मध्ये आणि राम गबाले यांच्या ‘वंदे मातरम्’मध्ये त्यांना लहान कामं मिळाली. मग भालजी पेंढारकरांनी त्यांना ‘मीठभाकर’मध्ये घेतलं. गांधीहत्येनंतर 1948 च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ पेटला, त्यात हा चित्रपटही जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. त्यात गणपत पाटलांची भूमिका खलनायकी वळणाची होती. म्हणजे हा नट खलनायक होऊ शकत होता, तो झालाही होता, आणि भालजींसारख्या कसलेल्या दिग्दर्शकानं त्याच्यात ते हेरलं होतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना हे विसरू नका.

मग नाच्या आला कुठून? रंगभूमीवरून. कोल्हापूरचे जयशंकर दानवे यांनी ‘ऐका हो ऐका’ या तमाशाप्रधान नाटकात त्यांना हे काम दिलं. त्यानंतर ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकातला त्यांचा नाच्या एवढा गाजला की तो पाहून कृष्णा पाटलांनी आपल्या ‘वाघ्या मुरळी’ या चित्रपटात त्यांना तशीच भूमिका देऊ केली. तिथून पुढं तमाशाप्रधान मराठी चित्रपट म्हटला की ढोलकी, लावणी, पाटील, सरपंच आणि गणपत पाटील हे ठरूनच गेलं.

आता नाच्या म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या चुलतभावाला ते उपयोगी पडेल. तमाशात गण होतो, मग गवळण, बतावणी, शेवटी वग. एके काळी फडात बाई नसायची. कोवळी मुलं लुगडं नेसून नाचत, त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पवळा हिवरगावकरीण पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि तमाशाचा चेहरामोहरा बदलला. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, म्हणजे तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले. बाई नाचायला आल्यावर बाईच्या वेशातल्या पोराची गरज उरली नाही, पण तो गेला नाही. त्याच्याकडं विनोद आला. गवळणीतली मावशी, तमासगिरणीबरोबर सावलीसारखा फिरणारा नाच्या, ही त्याचीच पुढची रूपं.

या नाच्याचं काम लोक समजतात तेवढं सोपं नसतं. लावणी संपते तेव्हा प्रेक्षक तापलेला असतो. त्याला एका वाक्यात थंड करून पुन्हा गोष्टीकडं आणायचं असतं. फेटेवाल्या पाटलाची मस्ती त्याच्या तोंडावर उतरवायची असते, पण पाटलानं हसावं आणि रागावू नये इतक्या बेतानं. बाईवर कुणी हात टाकायला आला तर मधे पडायचं, तेही मार न खाता. ‘आत्ता गं बया’ हे तीन शब्द गणपत पाटील आश्चर्यानं म्हणत, भीतीनं म्हणत, लाजून म्हणत, कुणाची फजिती पाहून म्हणत, आणि दर वेळी त्यांचा अर्थ निराळा असे. चिडवणाऱ्या पोरांना त्यातला एकच येतो.

एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. संगीत नाटकातले बालगंधर्वही पुरुष असून स्त्रीभूमिका करत. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलं. शाहू महाराजांनी त्यांच्या कानावर मिरजेत उपचार करवले. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची, केसांच्या ठेवणीची नक्कल घरंदाज बायका करत. त्यांना कुणी रस्त्यात चिडवल्याचं ऐकिवात नाही. गणपत पाटलांना मात्र हसू आणि हेटाळणी दोन्ही एकाच ताटात वाढलं गेलं. फरक कशाचा? माझ्या मते दोन गोष्टींचा. बालगंधर्वांची स्त्री ही पूर्ण स्त्री होती, राणी होती, नायिका होती. नाच्या पुरुष म्हणूनच उभा राहतो आणि पुरुषासारखा वागत नाही. आपल्याकडं पुरुषानं बाई होणं ही कला ठरते, पण बाईसारखं असणं ही थट्टा ठरते. दुसरी गोष्ट जातीची आणि पैशाची. संगीत नाटकाला शिकलेला, प्रतिष्ठित प्रेक्षक होता. तमाशा गावकुसाबाहेरच्या माणसांनी जिवंत ठेवला, म्हणून त्यातली कलाही बराच काळ गावकुसाबाहेरच ठेवली गेली. वारणेच्या खोऱ्यातल्या माणसांना ‘वारणेचा वाघ’ लिहिणारे अण्णाभाऊ साठे आठवतील. त्यांनी तमाशाला लोकनाट्य म्हणून राजकीय मंचावर आणलं, ते याच अन्यायाशी भांडत.

आता ‘दुसरी कामं का नाहीत?’ कारण साधं आणि कठोर आहे. निर्मात्याला चाललेलं नाणं बदलायचं नसतं. ‘सवाल माझा ऐका’ (1964), ‘केला इशारा जाता जाता’ (1965), ‘गणानं घुंगरू हरवलं’ (1970) अशी रांग लागली. प्रत्येक चित्रपटाबरोबर त्यांचा नाच्या अधिक लाडका झाला आणि त्यांच्यातला बाकीचा नट एकेक पाऊल मागे सरकला. मीठभाकरमधला खलनायक कुणाच्या लक्षातही राहिला नाही. जे काम मिळतं तेच करून घर चालवायचं होतं, त्यामुळं नकार देण्याची ऐपत नव्हती. हे मी पाटलांच्या बाजूनं ठासून सांगतो, कारण ‘त्यांनी स्वतःला एका साच्यात अडकवून घेतलं’ असं म्हणणारे लोक साचा कुणाच्या हातात होता ते पाहत नाहीत.

राजा गोसावी आणि त्यांची तुलना करून पाहा. दोघंही विनायकांच्या घरात राबलेले. गोसावींना 1952 मध्ये राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’नं नायक केलं. पुण्यातल्या भानुविलास टॉकीजमध्ये तिकिटं विकणारा माणूसच पडद्यावर दिसतो, म्हणून लोक चकित झाले होते. पुढं गोसावींनी विनोदी नट म्हणून नाटकात आणि सिनेमात नाना तऱ्हा केल्या, आणि 28 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात रंगमंदिराच्या रंगपटातच त्यांनी देह ठेवला. त्यांना मध्यमवर्गीय, पांढरपेशा विनोदाचा रस्ता मिळाला. पाटलांना तमाशापटाचा मिळाला. गुणांमध्ये एवढं अंतर होतं असं मला वाटत नाही.

नाच्याच्या भूमिकेनं पाटलांच्या घरापर्यंत हात पोचवला. रस्त्यात टोमणे, समारंभात कुजबुज, एवढंच नव्हे तर मुलांच्या सोयरिकी जमवतानाही लोकांच्या मनातली शंका आडवी आली. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘रंग नटरंग’ असं नाव दिलं. पडद्यावर खलनायक रंगवणाऱ्या निळू फुल्यांनाही बायका खऱ्या आयुष्यात शिव्या घालत, पण त्यात त्यांच्या अभिनयाला दाद होती आणि ते ती हसून सांगत. पाटलांच्या वाट्याला आलेला संशय तसा हसून सांगण्याजोगा नव्हता.

तुमच्याच जिल्ह्यातल्या कागलच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत असाच एक माणूस उभा केला: पैलवानी अंगाचा, तमाशाचं वेड असलेला, फड टिकवण्यासाठी नाच्या होणारा गुणा कागलकर. तिच्यावरचा रवी जाधव यांचा चित्रपट 1 जानेवारी 2010 ला आला, अतुल कुलकर्णी त्यात गुणा झाले. प्रेक्षक थिएटरात रडले. त्याच्या पावणेदोन वर्षं आधी, 23 मार्च 2008 ला, गणपत पाटील कोल्हापुरात वारले होते. ज्या माणसावर दोन पिढ्या हसल्या, त्याच्या वाट्याचं दुःख लोकांनी पाहिलं ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर.

तुमच्या चुलतभावाला एवढंच सांगा की चिडवणारे त्याच्या कामाला फसले आहेत. आणि मंडळाला सांगा की पुढच्या वर्षी त्याला सरपंच द्या, सावकार द्या, हवालदार द्या, आणि नाच्याचं काम चिडवणाऱ्यांपैकी एखाद्याला देऊन बघा. नाच्या गाजल्यावर पाटलांना असं दुसरं काम देणारं फारसं कुणी भेटलं नाही. तुमच्या मंडळाच्या ते हातात आहे.

प्रश्न : त्यांचा कोणता चित्रपट आधी पाहू? (त्याच वाचकाचा)

उत्तर : ‘केला इशारा जाता जाता’. अनंत माने यांचं दिग्दर्शन आहे, नायक तुमच्या कोल्हापूरचेच अरुण सरनाईक. एकदा गोष्टीसाठी पाहा. दुसऱ्यांदा पाहताना बोलणाऱ्यावरची नजर काढून फक्त गणपत पाटलांकडं पाहा, विशेषतः त्यांना वाक्य नसतं तेव्हा. मान कुठं वळते, पदर नसलेल्या खांद्यावरून हात कसा फिरतो, लावणी चालू असताना ते ढोलकीवाल्याकडं बघतात की प्रेक्षकांकडं, हे टिपून ठेवा. नंतर ‘सवाल माझा ऐका’ लावा. ‘मीठभाकर’ मिळाला तर तो सगळ्यांत शेवटी, चुलतभावाला शेजारी बसवून पाहा, आणि कोणता नट गणपत पाटील आहे ते त्याला ओळखायला सांगा.